सेप्टिक टाकी पावसाळ्यात चार दिवसांत भरते: टाकी बदलायची की शोषखड्डा?

प्रश्न – परसदार

नमस्कार मंडळी. घर कणकवली तालुक्यात, उतारावर. टाकी २००९ ची, जांभ्या चिऱ्यात बांधलेली, आत दोन कप्पे. आतलं माप ८ फूट लांब, ४ फूट रुंद. बाहेर जाणारा पाइप तळापासून साडेचार फुटांवर. वर सुट्या फरश्या. त्यापुढे ५ फूट व्यासाचा, ७ फूट खोल शोषखड्डा, आत डबर भरलेला.

तीन वर्षांपासून जुलै लागला की संडासाचं पाणी हळू उतरतं, भांड्यात बुडबुड आवाज येतो, शोषखड्ड्याभोवतीची माती चिखल होते आणि वास येतो. दिवाळीनंतर सगळं आपोआप सुरळीत. गेल्या आठवड्यात सक्शन गाडी बोलावून टाकी रिकामी केली, चार दिवसांत पुन्हा काठोकाठ. घरात माणसं ५, गणपतीत १५. तीन वर्षांपूर्वी न्हाणीघराचं आणि वॉशिंग मशीनचं पाणीही याच टाकीला जोडलं. विहीर शोषखड्ड्यापासून ४० फुटांवर, खालच्या अंगाला.

गवंडी म्हणतो शोषखड्डा १५ फूट खोल करू, खाली झरा लागला की पाणी ओढून घेईल. दुकानदार जिवाणूंची पावडर देतोय. शेजारी ॲसिड सांगतात. नेमकं काय करावं?

---

नळजोड

तिन्ही नको. गवंड्याचा सल्ला तर सगळ्यांत वाईट. खाली झरा लागला तर तुमचा शोषखड्डा विहिरीला जोडला जाईल, एवढंच होईल. वर पावसाळ्यात झऱ्याचं पाणीच खड्ड्यात चढून बसेल, तेव्हा संडासाचं पाणी ओढायला तिथे जागा कुठून येणार?

ॲसिडने मैला कुजवणारे जिवाणू मरतात आणि सिमेंट खाल्लं जातं. पावडरीत जे जिवाणू असतात ते रोज तुमच्या घरातून फुकट टाकीत जातात.

आता टाकीचा हिशेब. ८ × ४ × ४.५ म्हणजे १४४ घनफूट, सुमारे ४,०७५ लिटर. सेप्टिक टाकीचं भारतीय मानक आहे २४७०. त्याच्या तक्त्यात २० माणसांना २.३ मीटर लांब, १.१ मीटर रुंद आणि १.३ मीटर पाणी दिलंय. तुमची टाकी त्याहून थोडी मोठीच आहे, म्हणजे टाकी लहान पडते हा प्रश्न नाही.

पाच माणसांचं संडासाचं पाणी दिवसाला साधारण ३०० लिटर धरा. आंघोळ आणि मशीन मिळून आणखी ३५०. चार दिवसांत २,६०० लिटर. टाकीत मावतात चार हजारांवर. उरलेले जवळपास दीड हजार लिटर घरातून आलेले नाहीत, जमिनीतून आलेत. एकतर चिऱ्याच्या सांध्यांतून टाकीत झिरपले, नाहीतर तुंबलेल्या शोषखड्ड्यातून बाहेरच्या पाइपाने उलटे आले. दोन्हीही असू शकतं.

हे ओळखायला पुढच्या वेळी उपसा चालू असताना दुसऱ्या कप्प्यावरची फरशी थोडी सरकवून लांबूनच टॉर्च मारा. बाहेरच्या पाइपातून पाणी आत पडत असेल तर शोषखड्डा भरलेला आहे. भिंतीवर ओल्या चकाकत्या रेघा खाली उतरताना दिसल्या तर टाकी गळकी. गळकी टाकी उन्हाळ्यात उलट वागते: एप्रिलमध्ये पातळी बाहेरच्या पाइपाच्या खाली बसलेली दिसली तर समजा आतलं पाणी बाहेर चाललंय, आणि तुमच्या उतारावर ते विहिरीकडेच जाणार.

एक मात्र आत्ताच थांबवा. पावसात टाकी पुन्हा पुन्हा तळापर्यंत उपसू नका. बाहेर पाण्याचा दाब आणि आत पोकळी असली की चिऱ्याची भिंत आत पोट काढते. प्लॅस्टिकची टाकी असती तर जमिनीतून वर आली असती.

---

खडीवाळू

नळजोड यांचा हिशेब बरोबर, पण मूळ कारण शोषखड्ड्याच्या भिंतीत आहे. तेही आकड्यांत बघा.

शोषखड्ड्यात पाणी जिरतं ते बाजूच्या भिंतींतून, पाइपाच्या पातळीपासून खाली तळापर्यंत. तळ लवकर गाळाने बंद होतो म्हणून मानकात तो धरतच नाहीत. तुमचा पाइप ७ पैकी वरचे दोन फूट सोडून आत येत असेल तर कामाची उंची ५ फूट. ३.१४ × ५ × ५ म्हणजे ७८ चौरस फूट, सव्वासात चौरस मीटर. कोरड्या दिवसांत जमीन १० मिनिटांत २५ मिलिमीटर पाणी पिते असं धरलं तर मानकाप्रमाणे चौरस मीटरला दिवसाला ६५ लिटर. एकूण ४७० लिटर. नुसतं संडासाचं पाणी असताना तीनशे येत होते, खड्डा आरामात पचवत होता. न्हाणीघर जोडलं आणि साडेसहाशे झाले. तीन वर्षांपासून त्रास सुरू झाला तो योगायोग नाही.

पावसाळ्यात भूजल वर चढून खड्ड्याचा दीडच फूट कोरडा राहिला तर हेच ४७० लिटर १४० वर येतात. शिवाय सतत बुडालेल्या भिंतीवर काळा बुळबुळीत थर धरतो, तो जिरण आणखी मारतो.

म्हणून पहिली दुरुस्ती आजच्या आज, आणि जवळजवळ फुकट: न्हाणीघर आणि मशीनचं पाणी टाकीतून तोडा. ते केळी, अळू, माडाच्या आळ्यात सोडा. आधी दीड फूट × दीड फूट × दीड फुटाचं चेंबर घ्या, त्यात जाळी ठेवा, म्हणजे केस आणि मशीनचा कापसासारखा गाळ तिथेच अडकेल. आळं विहिरीपासून लांब आणि चढाच्या किंवा आडव्या अंगाला. मशीनचा पाइप आणि न्हाणीघराचा पाइप वेगवेगळ्या आळ्यांत गेले तर उत्तम, एका जागी दलदल होत नाही.

दुसरं, पागोळ्या कुठे पडतात ते बघा. छपराचं पाणी शोषखड्ड्याच्या बाजूला पडत असेल तर पन्हळ लावून लांब न्या आणि खड्ड्याच्या चढाच्या बाजूने एक फूट खोल चर काढून पावसाचं वाहतं पाणी वळवा.

---

परसदार

धन्यवाद. पागोळ्या थेट शोषखड्ड्याच्या डोक्यावरच पडतात, हे आजवर लक्षातच आलं नव्हतं. आज बघितलं: विहिरीचं पाणी जमिनीपासून ४ फुटांवर आहे. दक्षिणेला मोकळी परडी (परसातला जमिनीचा तुकडा) आहे, विहिरीपासून ७० फूट, टाकीपेक्षा एक फूट खोलगट, टाकीपासून ४० फूट लांब. तिथे नवा शोषखड्डा काढू का? घरामागे जुना एका खड्ड्याचा संडास आहे, १० वर्षं बंद, तोही विहिरीपासून ९० फुटांवर. आणि टाकीला आतून प्लास्टर करायला माणूस उतरवला तर चालेल का?

---

विहीरकाठ

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी. वापरातल्या टाकीत माणूस उतरवायचा नाही. वरचं पाणी काढलं तरी गाळ ढवळला की हायड्रोजन सल्फाइड सुटतो. त्याचा वास काही क्षणांत नाकाला कळेनासा होतो आणि माणूस खाली बसतो. मग त्याला काढायला दुसरा उतरतो. अशा अपघातांत दोन-तीन जण एकदम जातात ते यामुळेच. मेणबत्ती किंवा काडी पेटवून हवा तपासण्याची जुनी पद्धत तर मिथेनमुळे स्फोटाची. सुरक्षा साधनांशिवाय माणूस टाकीत उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे आणि जबाबदारी घरमालकावरही येते.

प्लास्टरचं काम एप्रिल-मेमध्येच, आणि टाकीचा उघडा खड्डा करून. तुमच्या फरश्या सुट्या आहेत हे नशीब. यंत्राने पूर्ण उपसा, बाहेरूनच जोराच्या पाण्याने भिंती धुवा, ते पाणीही उपसा, मग सगळ्या फरश्या बाजूला करून दोन-तीन दिवस ऊन-वारा लागू द्या. घरातलं संडास तेवढे दिवस बंद. त्यानंतरही वायुमापक लावून, कमरेला दोर बांधून आणि वर दोन माणसं ठेवूनच आत काम. हे जमणार नसेल तर जुनी टाकी वाळूने भरून नवी बसवा. दोन पैसे जास्त जातील, जातील.

प्लास्टर १:३ सिमेंट-वाळूचं, किमान १२ मिलिमीटर. चिऱ्याला भोकं फार, म्हणून आधी तारेच्या ब्रशने घासून सांधे अर्धा इंच खोल उकरा, पातळ सिमेंटचा हात द्या, मग दोन थरांत २० मिलिमीटरपर्यंत जा. तळ आणि भिंत मिळते तिथे गोलवा काढा, गळती नेहमी त्या कोपऱ्यातून सुरू होते. सात दिवस पाणी मारा. मग टाकी भरून ठेवा. चिरा सुरुवातीला पाणी पितो, म्हणून पहिला दिवस सोडून दुसऱ्या दिवशी खडूने रेघ मारा आणि २४ तासांनी पातळी बघा.

टाकी उघडी असताना दोन्ही टी (T आकाराचे जोड) बघून घ्या. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पाइपाला ४ इंची टी हवी, तिचा खालचा पाय पाण्याखाली ३०० मिलिमीटर. २००९ च्या बऱ्याच कामांत बाहेरच्या बाजूला नुसता सरळ पाइप सोडलेला असतो. तसं असेल तर वरची साय (पाण्यावर तरंगणारा थर) सरळ शोषखड्ड्यात जाते आणि खड्डा बंद पडायचं निम्मं कारण तेच. बाहेरचा पाइप आतल्यापेक्षा ५० मिलिमीटर खाली असला पाहिजे. टीचं वरचं तोंड उघडं ठेवा, बूच लावू नका, तिथूनच वायू हवेच्या पाइपाकडे जातो.

विहिरीबद्दल. मानकात शोषखड्डा आणि पिण्याच्या विहिरीत १८ मीटर, म्हणजे ६० फूट अंतर सांगितलंय. तुमचं ४०, तेही उताराच्या बाजूला. जांभ्यात सलग भेगा असतात, पाणी मातीसारखं गाळत न जाता पळत जातं, त्यामुळे ६० फूटही मी कमीच धरेन. तूर्त पिण्याचं पाणी खळखळ उकळून घ्या आणि एक नमुना भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत द्या. जिवाणू आणि नायट्रेट दोन्ही तपासायला सांगा. नुसती ब्लीचिंग पावडर टाकत राहिलात तर जिवाणू मरतील, नायट्रेट जागच्या जागी राहील.

---

खडीवाळू

परडीत शोषखड्डा नको, आडवे चर काढा. भूजल जमिनीपासून १८० सेंटीमीटरच्या आत येत असेल तर खड्डा टाळून उथळ जिरण-चर घ्यावेत, गरज पडली तर ते जमिनीच्या वर उंचवट्यात बांधावेत, असं मानकच सांगतं. तुमच्याकडे ४ फूट म्हणजे १२० सेंटीमीटर.

आधी जमीन किती पिते ते मोजा, आणि आत्ताच मोजा, मेमध्ये मोजलेला आकडा खोटा येतो. परडीत तीन ठिकाणी एक फूट चौरस, दीड फूट खोल खड्डे काढा. पहारीने भिंती खरवडा, सुटी माती काढा, तळाला दोन इंच बारीक खडी. पाणी भरून रात्रभर भरलेलं ठेवा. दुसऱ्या दिवशी खडीच्या वर ६ इंच पाणी ठेवून अर्ध्या तासात किती मिलिमीटर उतरलं ते मोजा, पुन्हा ६ इंच करा, असं चार तास. शेवटच्या अर्ध्या तासाचा आकडा धरा. २५ मिलिमीटर उतरायला लागणारी मिनिटं म्हणजे तुमचा आकडा. २०४ भागिले त्याचं वर्गमूळ, इतके लिटर दर चौरस मीटरला रोज.

समजा ३० मिनिटं आली. २०४ ÷ ५.४८ = ३७ लिटर. खड्ड्याच्या भिंती धरतात, चराचा मात्र तळ धरतात; संडासाच्या ३०० लिटरना ८.१ चौरस मीटर तळ लागेल. दोन फूट रुंद चर धरला तर साडेतेरा मीटर, ४५ फूट. २३ फुटांचे दोन चर काढा, मध्यापासून मध्यापर्यंत निदान ६ फूट अंतर. ६० मिनिटांच्या वर आकडा आला तर चरांचा नाद सोडा, तिथे खालून वर जाणारा खडीचा गाळण कप्पा लागतो.

खडी २० ते ४० मिलिमीटरची, धुतलेली. धुतलेली हे विसरू नका, क्रशरची भुकटी पहिल्याच वर्षी तळ बंद करते. पाइपाखाली ६ इंच, पाइप ४ इंच, वर २ इंच. एकूण १२ इंच थराला सुमारे ९० घनफूट, म्हणजे एक ब्रास (१०० घनफूट) मागवा. पाइपाला खालच्या अंगाला घड्याळातल्या ५ आणि ७ च्या जागी १२ मिलिमीटरची भोकं, दर ६ इंचांवर. खडीवर न विणलेलं जिओटेक्स्टाइल कापड, मग माती. प्लॅस्टिकचा कागद घालू नका, चराला हवा लागते. चर खोदताना तळ पायाने तुडवू नका आणि ओल्या मातीत खोदू नका; फावड्याने गुळगुळीत झालेल्या भिंती दाताळ्याने ओरबाडून घ्या. हे काम दिवाळीनंतरचं.

दोन्ही चरांना पाणी सारखं जायला वाटप चेंबर हवं. दोन्ही तोंडं पाण्याच्या नळीने एका पातळीत लावा, पाव इंचाचा फरक राहिला तरी सगळं पाणी एकाच चरात जातं.

---

नळजोड

उताराचा हिशेब राहिला. टाकीचा बाहेरचा पाइप जमिनीखाली दीड फूट धरू. ४० फुटांना १:१०० उतार दिला तर ५ इंच, इथे फक्त गाळ बसलेलं पाणी जाणार असल्याने एवढा पुरतो. परडी एक फूट खोलगट आहे म्हणजे तिथे पाइप जमिनीखाली ११ इंच आणि चराचा तळ १७ इंच. जमते बरोबर.

पण विहिरीच्या पातळीवरून परडीतलं भूजल ठरवू नका. परडी खोलगट आहे, तिथे पाणी तीनच फुटांवर असू शकतं. पहारीने ४ फूट खोल भोक पाडून भोकं पाडलेला पाइप उभा करा आणि आठवडाभर रोज काठी घालून बघा. चराच्या तळापासून पाणी निदान २ फूट खाली हवं. नसेल तर चर जमिनीवर, एक फूट जाड वाळूच्या थरावर, आणि टाकीपुढे छोट्या चेंबरमध्ये अर्ध्या अश्वशक्तीचा पंप तरंगत्या खटक्यासह. वीज गेली की पंप बंद, त्यामुळे त्या चेंबरमध्ये निदान एका दिवसाचं पाणी, ३०० लिटर, मावलं पाहिजे.

---

चिरेखाण

सगळं दिवाळीनंतर आणि उन्हाळ्यात होणार. गणपती तोंडावर आलेत, त्याचं काय?

१५ माणसं म्हणजे संडासाचंच रोज ९०० लिटर. सध्याच्या खड्ड्याला ते झेपणार नाही. जुना संडास उघडा. दहा वर्षं बंद म्हणजे आतला मैला मातीसारखा झालेला असतो. भांडं, पाइप, पाण्याचा सापळा आणि झाकणाची फरशी तपासा. फरशीला भेग असेल तर नवीच टाका. पाहुण्यांना तो, आणि तिथे बादली-तांब्या, म्हणजे एका वेळेला दोन-तीन लिटरच पाणी जातं. मात्र पाणी आत्ताच त्या खड्ड्यात उभं असेल तर उघडू नका.

घरातल्या फ्लशच्या टाकीत पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली ठेवा, दर वेळी लिटरभर वाचतं. गळका फ्लश असेल तर आजच वायसर बदला. भांड्यात हळदीचं पाणी आपोआप उतरताना दिसलं तर फ्लशची टाकी गळतेय. फ्लशच्या टाकीत हळद टाकून पंधरा मिनिटं फ्लश न करता बघायचं, दुसरी काही खटपट नाही.

उपसा आगमनाच्या एक-दोन दिवस आधी एकदाच, तोही अर्ध्यापर्यंत. गाडीवाला मैला कुठे ओततो ते विचारा. व्हाळात (ओढ्यात) किंवा कुणाच्या कातळावर ओतणार असेल तर दुसरी गाडी बघा.

एरवी उपसा कधी करायचा ते गाळ मोजून ठरवा. लांब बांबूच्या टोकाला चार फूट पांढरं फडकं गुंडाळा, पहिल्या कप्प्यात तळापर्यंत घाला, दोन मिनिटं ठेवून हळू वर घ्या. काळा डाग जेवढा, तेवढा गाळ. गाळ आणि वरची साय मिळून पाण्याच्या खोलीच्या तिसऱ्या भागावर, तुमच्याकडे दीड फुटावर गेली की उपसा. तळाला इंचभर गाळ राहू द्या, धुऊन काढू नका, पुढचं कुजणं त्यानेच सुरू होतं.

हवेच्या पाइपाच्या तोंडावर नायलॉनची जाळी आहे ना बघा. नसेल तर डास तिथूनच येतात. असेल तर गांधीलमाशीचं घर नाही ना तेही बघा. बुडबुड आवाजाचं एक कारण ते असतं.

---

परसदार

न्हाणीघराचा पाइप आज तोडला, पन्हळीचा पत्रा उद्या. जुन्या संडासाच्या खड्ड्यात पाणी नाही, तळ ओलसर आहे. दोन चर की तीन? आणि नवे चर झाले की जुना शोषखड्डा पावसाळा सोडून वापरात ठेवू का?

---

खडीवाळू

तीन काढा. तिसऱ्याच्या तोंडाला वाटप चेंबरमध्ये बूच ठेवा आणि गणपती, मे महिना, लग्नकार्य असेल तेव्हा काढा. दर वर्षी बूच एका चराने पुढे सरकवा. सहा-आठ महिने कोरडा राहिलेला चर आपला काळा थर स्वतःच कुजवून मोकळा होतो.

जुना शोषखड्डा मात्र कायमचा बंद. विहिरीपासून ४० फुटांवर आहे. टाकीकडून येणारा पाइप दोन्ही टोकांना सिमेंटने बुजवा, नुसतं टोपण लावलं तर पाइपाबाहेरच्या सुट्या मातीतून पाणी जुन्या वाटेने जात राहतं. वरचं एक फूट डबर काढून तिथे चिकणमाती ठोकून भरा आणि मध्ये फुगवटा ठेवा. पहिल्या पावसात ती दबेल, तेव्हा पुन्हा भर घालावी लागेल.